चेन, चिखल आणि जुन्नर

गाडी माझी नव्हती. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

गाडी मित्राची. तो हिंजवडीत आयटीत. दोन वर्षांपूर्वी हप्त्यांवर एक्सपल्स घेतली. उंच सीट, बटणांचे टायर, खाली धातूची प्लेट, एकदम 'जंगल में मंगल' टाइप. प्रत्यक्षात ती बिचारी वाकड ते हिंजवडी एवढंच जंगल बघत होती. गणपती झाले, मला चार दिवस मोकळे मिळाले आणि मी जुन्नर-आंबेगावचा बेत त्याच्या कानावर घातला. त्याचं नेमकं प्रोजेक्टचं रिलीज होतं. हळहळत त्याने किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "पाड, खरचटव, काहीही कर. फक्त रोज संध्याकाळी चेन बघ."

मी म्हटलं, "हो रे!" ज्या सुरात आपण आईला 'पोचल्यावर फोन करते' म्हणतो ना, त्याच सुरात.

ज्यांना या गाड्यांची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अस्सल डर्ट बाइक, म्हणजे मोटोक्रॉसच्या शर्यतीत हवेत उडणारी, तिला हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतो आणि आपल्याकडे तिला रस्त्यावर चालवायला नंबरही मिळत नाही. हौशी मंडळी ती टेम्पोत टाकून ट्रॅकवर नेतात. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी तिची शिकलेली, ऑफिसला जाणारी बहीण मिळते. हीरोने 2011 मध्ये इम्पल्स आणली, ती फार चालली नाही. 2019 मध्ये आलेली एक्सपल्स मात्र चालली. दोन्हींचा फंडा एकच: डांबर संपलं तरी गाडी थांबू नये. आणि या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी. चेन उघडी! तुमच्या काकांच्या स्प्लेंडरला असतं तसं बंद डब्यासारखं चेनकव्हर हिला नसतं. चिखल आत अडकून बसू नये, वजन कमी राहावं, चाक पटकन काढता यावं, अशी कारणं आहेत. दिसतेही मस्त. पण मग तिची काळजी कव्हर घेत नाही, तुम्ही घ्यायची असते.

निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी वॉशिंग सेंटरला नेली आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चकाचक धुऊन घेतली. चेनवर तर खास दोन मिनिटं फवारा मारायला लावला. इंजिन धुतलं, सीट पुसली, फोटो काढला, स्टेटस टाकलं. चेनला तेलाचा थेंब नाही. चुकांचा हिशेब मांडायचा तर ही पहिली.

पुणे-नाशिक हायवे तुम्हाला माहीतच आहे. चाकणचं ट्रॅफिक पार केलं की अर्धी ट्रिप सत्कारणी लागल्यासारखं वाटतं. राजगुरुनगर, मंचर, मग नारायणगाव. तमाशाची पंढरी. विठाबाईंचं गाव. हल्ली टोमॅटोच्या बाजारासाठी त्याचं नाव जास्त घेतात. इथून मी हायवे सोडला आणि खोडदकडे वळले. जीएमआरटी बघायची होती. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यातल्या 14 खोडदच्या परिसरात दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी 'वाय'च्या आकारात लांबवर पसरलेल्या. उसाच्या शेंड्यांवरून एकदम एवढी मोठी तबकडी डोकं वर काढते तेव्हा जाम भारी वाटतं. लांबूनच बघितल्या. मग जवळच्या शेतरस्त्यांवर दोन तास गाडी मनसोक्त फिरवली. काळी माती, रात्रीच्या सरीने लोण्यासारखी झालेली. मागचं चाक हलकंच सरकतं, पोटात गोळा येतो आणि आपण जिवंत असल्याची खात्री पटते. सही!

सूर्य कलल्यावर एका शेतकऱ्याने हात करून थांबवलं. "मॅडम, आता इथं नका फिरू. ऊस उभाय." पुढचं सांगायची गरज नव्हती. जुन्नरचा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काही हौस म्हणून नाही. मी मुकाट्याने गाडी वळवली.

जुन्नरच्या लॉजवर पोचले तेव्हा चेन काळ्या मातीने माखली होती. मित्राचे शब्द आठवले. बॅगेतून स्प्रेचा डबा काढला आणि मातीवरूनच फस्स फस्स मारला. चेन मस्त चमकायला लागली. मी खूश. चूक नंबर दोन, आणि पहिलीपेक्षा मोठी. तेल मातीवर पडलं की त्याची पेस्ट होते. पॉलिश पेपर पातळ करून दोन लोखंडी भागांच्या मध्ये भरल्यासारखी. चेनच्या शंभरेक कड्या, प्रत्येक कडीला फिरणारं रोळ, आणि ती पेस्ट दर फेरीला त्यांना थोडं थोडं खात राहते. कोरडी माती त्यापेक्षा परवडली, निदान काही झडून तरी जाते.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. आपटाळे, चावंड, पूर, घाटघर. डावी-उजवीकडे भात, त्यामागे ढगात अर्धा बुडालेला जीवधन आणि बांधाबांधावर सोनकीची पिवळी चादर. पूरला कुकडेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे, तिथे पाच मिनिटं तरी थांबाच. पश्चिमेला सरकत जाल तशी मातीही रंग बदलते. नारायणगावची काळी, जुन्नरच्या आसपास मुरमाड, घाटघरला तांबडी. घाटमाथ्यावर धुकं इतकं की दगडी रांजण जवळ जाईपर्यंत दिसलाच नाही. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांतून चढून येणारा माल याच वाटेने जुन्नरला जायचा. घाटातल्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. जकातीची नाणी या रांजणात टाकत, असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका! (फास्टॅग नव्हता, रांग बहुधा तेवढीच.)

त्या दिवशी पावसाने धुऊन काढलं. मला वाटलं, चला, चेनही आपोआप धुतली गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चेन बोलायला लागली. कर्र, कर्र, आणि मध्येच एक 'कट्ट'. मी गाण्याचा आवाज वाढवला. हसू नका, तुम्हीही हेच केलं असतं.

जुन्नरहून घोडेगावला जाणारा रस्ता मला या अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात आवडला. वाटेत गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची वेधशाळा आहे, 2 मीटरची दुर्बीण, 2006 पासून. गंमत बघा, खोडदला रेडिओ दुर्बीण, इथे प्रकाशाची. या दोन तालुक्यांत माणसं कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबचं बघत बसलीयत आणि मला दीड फूट खालची चेन दिसत नव्हती.

घोडेगाव आंबेगाव तालुक्याचं मुख्य गाव. आंबेगाव नावाचं मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला कामगार. पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर चढत जातो. फुलवडे, मग आडिवऱ्याच्या बाजूला माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी इथे डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली. गाडी बंद करून थोडा वेळ उभी राहिले. बूट, पँट, मडगार्ड, सगळीकडे तीच तांबडी माती होती. तोपर्यंत तिचे मी नुसते फोटो काढत होते.

आहुपे गाठलं. कड्याच्या टोकावर उभं राहून खालचं कोकण बघितलं, म्हणजे ढग बघितले. हिरड्याची झाडं, देवराई, भाताची खाचरं. तीन वाजता परत फिरले.

आणि उतारावर, एका खड्ड्यातून गाडी आदळली त्याच क्षणी, 'खाडकन' आवाज झाला आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. चेन दातऱ्यावरून उडून चाक आणि स्विंगआर्मच्या मध्ये अडकली होती. हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की गाडी माझं ऐकत नाहीये, आडवी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतेय आणि दरीकडची बाजू डावीकडे आहे. थांबली. मी पडलेसुद्धा नाही. सुटकेचा श्वास घ्यायच्या आत मागे दुसरा आवाज आला.

माझ्या मागे एक स्प्लेंडर येत होती. मी अशी मध्येच आडवी झाल्यावर त्यांना गाडी डोंगराकडच्या गटारात घालावी लागली. चालवणारे पन्नाशीचे जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि मागे दप्तर लावलेली सहावीतली मुलगी. पाऊस होता म्हणून ते तिला तिच्या वाडीपर्यंत सोडायला निघाले होते. गाडीचा गार्ड वाकला. मुलीचा गुडघा सोलटला आणि तांबड्या पाण्यात तिच्या वह्या पसरल्या. ती रडली नाही. वह्या गोळा करायला लागली. मी "सॉरी, सॉरी" करत तिला मदत करत होते आणि माझे हात थरथरत होते.

गुरुजींनी आधी तिचा गुडघा बघितला, मग माझी चेन. रागावले नाहीत. बोट फिरवलं, बोटावर आलेली काळी-तांबडी पेस्ट मला दाखवली आणि विचारलं, "मॅडम, हिला शेवटचं कधी पुसलं?"

तीन दिवस केलेल्या सगळ्या थापेबाजीला उत्तर नव्हतं.

वाडी दोनशे पावलांवर होती. गाडी ढकलत, खरं तर मागून उचलत, तिथे नेली. शेजारून स्वच्छ ओहोळ वाहत होता. मी शहाणपणा केला. म्हटलं, इथेच पाण्यात धुऊन टाकू. बादली मागितली तर दारातली आजी उठूनच उभी राहिली. "ए बाय, तिकडं न्हाय. प्यायचं पानी हाय ते." ऑफरोडिंगचे व्हिडिओ बघून ओढ्यात गाडी घालणं म्हणजे धमाल, एवढंच मला ठाऊक होतं. खालच्या वाडीचा हंडा त्याच पाण्यावर भरतो, हे कुठल्या व्हिडिओत नसतं. पायाखालचा चिखल पाण्याबरोबर निघून जातो. चेनचं तेल मात्र पाण्यावर तरंगत थेट हंड्यापर्यंत जातं.

मग अंगणाच्या कडेला, घरापासून लांब, खाली रिकामं पोतं अंथरून गुरुजींनी शाळा भरवली. गाडीच्या टूलकिटमधल्या पान्याने चाकाचा नट सैल केला, अडकलेली चेन सोडवून दातऱ्यावर बसवली. गाडीला मधलं स्टँड नाही. म्हणून त्या मुलीने आणि तिच्या भावाने हँडल आणि कॅरिअर धरून गाडी साइडस्टँडवर कलती केली, मागचं चाक अधांतरी. किल्ली काढून गुरुजींनी आपल्या खिशात टाकली. गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. "चालू गाडीवर कधीच नाही," एवढं एकच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

डिकीतून त्यांचा संसार निघाला. टूथब्रश, जुनं धोतराचं फडकं, औषधाच्या बाटलीत थोडं रॉकेल, दुसऱ्या बाटलीत नव्वद नंबरचं गिअर ऑइल. रॉकेल आता सहज मिळत नाही, कुठून तरी मिळवून जपून ठेवलेलं. पेट्रोल का नाही, मी विचारलं. अशा गाड्यांच्या चेनमध्ये कडीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात. खिळ्याभोवतीचं ग्रीस कारखान्यातच आत भरलेलं असतं आणि या रिंगा ते आत कोंडून ठेवतात. पेट्रोलने रबर कडक होतं, चिरतं. तारेच्या ब्रशनेही तेच. आणि फवाऱ्याचं जोरदार पाणी रिंगेच्या फटीतून आत घुसतं, ग्रीसला बाहेर काढतं. म्हणजे माझी वॉशिंग सेंटरची दोन मिनिटं! अशी चेन बाहेरून फारशी बिघडलेली दिसत नाही. आतून सुकते, मग एखादी कडी वाकायचं नाव घेत नाही. माझ्या चेनच्या चार कड्या अशा आखडल्या होत्या. तो 'कट्ट' त्यांचाच.

ब्रश रॉकेलमध्ये बुडवायचा, चेनवर ओतायचं नाही. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. फडक्याने पुसायचं. परत ब्रश. तीन वेळा पुसल्यावर फडक्यावर काळं येणं थांबलं आणि खालचा सोनेरी रंग दिसायला लागला. मग कोरडं करून तेल. इथे मला एक फंडा नव्याने कळला: तेल चेनच्या आतल्या बाजूला लावायचं, जी दातऱ्याला टेकते. खालच्या चेनच्या वरच्या अंगावर थेंब थेंब टाकत चाक फिरवायचं. गाडी पळाली की तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, त्यामुळे आतून लावलेलं कड्यांतून जात जात बाहेर येतं. बाहेरून लावलेलं थेट तुमच्या पँटवर. शेवटी वरचं जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्यायचं. मला वाटायचं चेन ओली दिसली पाहिजे. गुरुजी म्हणाले, ओली दिसली की समजा उद्या धूळ खाणार.

हे काम संध्याकाळी करायचं, गाडी चालून चेन कोमट असताना. तेल आत शिरतं आणि रात्रभर मुरतं. सकाळी निघताना लावलं तर पहिल्या पाच किलोमीटरमध्ये मडगार्डला दान.

गुरुजी घोडेगावहून या बाजूच्या शाळेत रोज ये-जा करतात. चेनकव्हर असूनही पावसाळ्यात दर शनिवारी कव्हर उघडून साफ करतात. "आमच्या वडलांच्या बैलगाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं," ते म्हणाले. "चाक कुरकुरलं की वडील गाडी थांबवायचे. बैलाला त्रास होतो म्हणून." आणि मी कुरकुर ऐकून गाण्याचा आवाज वाढवला होता.

आजीला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "एवढी म्हागाची गाडी, अन् साखळीला झाकान न्हाय?"

मळका बोळा आणि उरलेलं रॉकेल बाटलीत परत भरून गुरुजी ते बरोबर घेऊन गेले. मुलीच्या गुडघ्याला माझ्या किटमधली पट्टी लावली. वह्या चुलीजवळ वाळत ठेवल्या होत्या, गणिताची पार गेली होती. घोडेगावपर्यंत मी स्प्लेंडरच्या मागे, तीसच्या स्पीडने.

सकाळी तिथल्या गॅरेजवाल्या दादांनी पुढच्या छोट्या दातऱ्याचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. आत मातीची घट्ट वडी बसली होती. स्क्रूड्रायव्हरने फोडली तर सरळ थर दिसले. आत काळा, त्यावर मुरमाड करडा, सगळ्यात वर तांबडा. खोडद, जुन्नर, नाणेघाट, आहुपे. इंजिनाच्या पोटाशी माझी अख्खी ट्रिप साठली होती. चेनची एक पट्टी अडकताना वाकलेली निघाली. मागच्या दातऱ्याचे दात एका बाजूला झुकलेले. दादांनी चेन मागून ओढून दाखवली, अर्धा दात उघडा पडला. म्हणजे पूर्ण सेट बदलायचा, चेन आणि दोन्ही दातऱ्या. जुन्या दातऱ्यावर नवी चेन टाकली तर ती नवीही लवकर जाते. सेट मंचरहून यायचा होता, दुपार गॅरेजच्या बाकावर गेली.

नवी चेन बसवताना मी म्हटलं, "दादा, टाइट करा हां, परत उडायला नको." त्यांनी मान हलवली. अशा उंच गाडीचं सस्पेन्शन लांब हलतं. तुम्ही बसलात, गाडी दबली, की चेन आणखी ताणली जाते. मोकळी गाडी उभी असताना थोडा झोळ हवाच. किती, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. कमी ठेवला तर चेन नाहीतर बेअरिंग बोंबलतं, जास्त ठेवला तर काल झालं ते. बोलता बोलता दादा चेनखाली बोट लावून झोळ मापत होते. त्यांच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "गाडी चालू ठेवून फडकं मारत होतो," ते म्हणाले. "नवीन होतो तेव्हा." आणि पाना उचलला.

जायचं असेल तर आत्ता, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. सोनकी असते, पाऊस दमलेला असतो. पुण्याहून जुन्नर शंभरेक किलोमीटर. आहुप्याकडे पेट्रोलच्या भरवशावर राहू नका, घोडेगावलाच टाकी भरा. ओढ्यात गाडी घालायच्या आधी खाली कुणाची वाडी आहे का विचारा. बॅगेत टूथब्रश दोन घ्या, एक दातांसाठी.

घरी यायच्या आधी घोडेगावातून पाच वह्या आणि गणिताचं पुस्तक घेऊन गुरुजींकडे देऊन आले. त्यांनी स्प्लेंडरच्या वाकलेल्या गार्डचे पैसे घेतले नाहीत, वह्या घेतल्या.

रविवारी रात्री मित्राच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मी सगळं सांगितलं, गटारात गेलेल्या मुलीपासून नव्या सेटच्या बिलापर्यंत. तो काही बोलला नाही. मोबाइलचा टॉर्च लावून चेनपाशी उकिडवा बसला, आतल्या बाजूने बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं.

"नव्वद नंबर?" त्याने विचारलं.

"आज संध्याकाळीच लावलंय," मी म्हटलं. "चाकणला थांबले होते. चेन गरम होती."